छोट्या मॉडेल रेल्वे पुरवठादारांशी व्यवहार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-नवी मुंबईत या नादाला नव्याने लागलेले लोक मला हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. कधी फोनवर, कधी ठाणे स्टेशनात ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर पार्सल हातात घेता घेता. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगतो: उशीर चालतो, गप्प बसणं चालत नाही. हे विकणाऱ्याला लागू आहे आणि घेणाऱ्यालाही.

छोटा पुरवठादार म्हणजे नक्की कोण?

चौकशीचा फोन जो उचलतो आणि रात्री डबेही जो रंगवतो, तो. खारघरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत रेझिन प्रिंटर चालवणारा आयटीवाला, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त होऊन आता पितळी तारेचे हँडरेल वाकवून देणारा फिटर, घरून डेकल (डब्यावर चिकटवायची अक्षरं) छापणारी एखादी ताई, रूळ आणि डिकोडर (लोकोत बसून तिची मोटर चालवणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी) बाहेरून आणून विकणारा दुकानदार. यातल्या बऱ्याच जणांची पोटापाण्याची नोकरी वेगळी असते. हे काम रात्रीचं आणि रविवारचं.

यांच्याशिवाय आपलं पान हलत नाही. आयसीएफचा (चेन्नईच्या कोच फॅक्टरीचा) निळा डबा, कल्याण शेडची डब्ल्यूसीएएम (एसी-डीसी दोन्हींवर चालणारी लोको), १५०० व्होल्ट डीसीच्या काळातली लोकल, हे मोठ्या परदेशी कंपन्यांच्या कॅटलॉगात सहसा सापडत नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली चौदा डब्यांची गाडी ज्याला टेबलावर हवी असेल, त्याला ती कुणाकडून तरी घडवूनच घ्यावी लागणार.

चार डब्यांना चार महिने? प्रिंटर तर एका रात्रीत डबा काढतो ना?

काढतो. पण प्रिंटरमधून निघतो तो डबा नसतो, डब्याचा कच्चा माल असतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायचा, वाळवायचा, अतिनील दिव्याखाली पक्का करायचा, आधाराचे बारीक खांब कापायचे, त्यांच्या खुणा पॉलिश पेपरने घासायच्या. धुण्यात नाहीतर पक्का करण्यात घाई झाली की महिन्याभराने बाजूच्या भिंती आत वाकतात आणि छत बसत नाही. मग प्रायमर, प्रायमरनंतर दिसणाऱ्या रेघा परत घासणं, रंगाचा पहिला हात, मास्किंग, दुसरा रंग. दोन हातांमध्ये रंग नीट सुकू द्यावा लागतो, नाहीतर मास्किंग टेप काढताना पट्टाच उचलून येतो.

त्यानंतर डेकल. घरच्या इंकजेटमध्ये पांढरी शाई नसते, आणि गडद निळ्या किंवा मरून डब्यावर फिकी अक्षरं उठून दिसायची तर खाली पांढरा थर हवाच. तशी छपाई करून देणारे थोडे, आणि तेही एक-दोन पानांसाठी मशीन लावत नाहीत. म्हणून चार-पाच गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी साठेपर्यंत तुमचे डबे अक्षरांविना पडून राहतात. उशीर जास्त करून इथेच होतो आणि तो कुणाला दिसत नाही.

लोकोचं आणखी वेगळं. डब्ल्यूडीएम-२ हे मूळ अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डिझाइन, पहिली लोको १९६२ मध्ये आपल्याकडे आली. त्यामुळे बरेच जण अमेरिकन अल्को मॉडेलची तयार चेसिस मागवतात आणि वर आपली बॉडी बसवतात. ती चेसिस तिकडे स्टॉकमध्ये नसेल तर इथला माणूस काय करणार? मोटर चीनमधून येणार असेल तर चिनी नववर्षाच्या आसपास, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, तिकडचे कारखाने बंद असतात.

आणि आपले ऋतू. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की लॅकर मारल्यावर त्यावर पांढुरकी झाक येते. शहाणा माणूस जुलैत शेवटचा हात मारतच नाही. गणपतीच्या आधी लेझर कटिंगवाल्याकडे जाऊन बघा. एमडीएफच्या मखरांनी दुकान भरलेलं असतं, तुमच्या स्टेशन इमारतीच्या दीड मिलिमीटरच्या खिडक्या कापायला त्याला वेळ नसतो. तुर्भ्यापासून महाप्यापर्यंत कुठेही विचारा, उत्तर एकच: "विसर्जन होऊ द्या."

मोठ्यांचंही फार वेगळं नाही. हॉर्नबीने १९९० च्या दशकात उत्पादन चीनमध्ये नेलं आणि पुढे तिथल्या पुरवठादार कारखान्याच्या अडचणींमुळे तिचीही मॉडेलं रखडली. १८५९ पासून चालत आलेली मार्कलिन २००९ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचली होती. तिथे शेकडो माणसं कामाला असतात. इथे एक असतो, आणि त्याच्या घरी लग्नकार्यही निघतं.

मला वाढदिवसाच्या आत हवं असेल तर?

तयार माल घ्या. घडवून घ्यायच्या वस्तूवर मुलाचा वाढदिवस टांगून ठेवू नका.

दिलेली तारीख उलटली. केव्हा आणि कसं विचारू?

तारखेनंतर आठ-दहा दिवस जाऊ द्या. मग एकच संदेश पाठवा, पण पुरा. "एनी अपडेट?" किंवा नुसती तीन प्रश्नचिन्हं पाठवलीत तर समोरच्याला आधी तुम्ही कोण हे शोधावं लागतं, मग ऑर्डर कुठली ते, मग पैसे किती आले ते. दिवसभर नोकरी करून आलेला माणूस ते उद्यावर ढकलतो, आणि उद्या म्हणजे पुढचा आठवडा.

असं लिहा: "दादा, नमस्कार. १२ जूनला आयसीएफ स्लीपरचे तीन डबे सांगितले होते, एचओ स्केल (१:८७), निळा रंग. निम्मे पैसे त्याच दिवशी पाठवलेत. काम कुठल्या टप्प्यावर आहे? दिवाळीच्या आत होण्यासारखं आहे का? नसेल तर अंदाजे केव्हा, तेवढं कळवा." याला दोन ओळींत उत्तर देता येतं, म्हणून ते येतं.

उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी त्याच संदेशाच्या खाली दुसरा. त्यानंतर फोन, संध्याकाळी आठच्या पुढे, कारण दिवसा तो ऑफिसात असतो. रोज सकाळी गुड मॉर्निंगची फुलं पाठवून आठवण करून देण्याची एक पद्धत आहे. त्या फुलांचा अर्थ समोरच्याला बरोबर कळतो आणि त्याचं डोकं फिरतं.

उलट बाजूनेही सांगतो. पुरवठादाराने "तीन आठवडे लागतील" म्हणून सहा लावले, पण मध्ये एकदा प्रायमर मारलेल्या डब्यांचा फोटो टाकून "डेकल अडकलेत" एवढं कळवलं, तर माझी तक्रार नसते. तीन आठवडे सांगून चौथ्या आठवड्यापासून फोन न उचलणारा माणूस कितीही कसबी असला तरी मी त्याच्याकडे दुसरी ऑर्डर देत नाही.

अ‍ॅडव्हान्स किती द्यावा?

तयार वस्तू असेल तर पूर्ण पैसे द्यायला हरकत नाही. घडवून घ्यायची असेल तर एक तृतीयांश ते निम्मे, बाकीचे तयार वस्तूचा फोटो किंवा व्हिडिओ बघून. अ‍ॅडव्हान्स म्हणजे त्याच्या कच्च्या मालाचे पैसे. रेझिन, चाकं, कपलर त्याने स्वतःच्या खिशातून आणावेत ही अपेक्षा गैर आहे.

पितळी पत्र्याच्या किटचं गणित थोडं वेगळं. रासायनिक प्रक्रियेने पत्रा कोरून देणारे पूर्ण शीट घेतात, एका किटसाठी काम करत नाहीत. म्हणून त्यात आधी नावं जमवावी लागतात आणि पैसे लवकर मागितले जातात. तिथे विचारायचं ते एवढंच: किती नावं झाली की काम सुरू होणार, आणि तेवढी झाली नाहीत तर पैसे कधी परत?

ज्या वस्तूचा नमुनाही अजून बनलेला नाही, तिचे पूर्ण पैसे आधी मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. यात कसला अपमान नाही. यूपीआयने पैसे पाठवताना शेऱ्यात वस्तूचं नाव टाका. आणखी वर्षभराने दोघांपैकी कुणालाच काही आठवणार नाही.

भाव करू का?

जांभळी नाक्यावर भाजी घेताना जरूर करा. इथे करायचाच असेल तर कामात करा. "न रंगवलेला द्या, मी रंगवतो", "चाकं माझ्याकडे आहेत, त्याशिवाय किती?", "एकदम पाच घेतले तर?" अशा प्रश्नांनी किंमत खरोखर कमी होते, कारण समोरच्याचे तास किंवा खर्च कमी होतात. "पाचशे कमी करा ना, आपलाच माणूस" यात त्याचं फक्त नुकसान.

बाहेरून मागवलं तर स्वस्त पडेल ना?

वेबसाइटवर पडतं. मग शुल्क लागतं. स्केल मॉडेलं सीमाशुल्काच्या यादीत खेळण्यांच्याच ९५०३ या शीर्षकाखाली येतात. त्या खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्क्यांवर. दर बदलत असतात, मागवण्याआधी त्या दिवशीचा बघा. त्यावर जीएसटी आणि कुरिअरवाल्याचा हाताळणी खर्च. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं झालंय, त्यावरूनही पार्सलं अडकतात.

हेच सगळं सोसून आणलेला डिकोडर वाशीतला एखादा विक्रेता तुम्हाला देतो तेव्हा "परदेशात तर निम्म्यात आहे" असं त्याला ऐकवू नका. त्याला ते तुमच्या आधीपासून माहीत आहे. आणि तासभर त्याच्याकडून कुठला डिकोडर बसेल, आठ पिनांचा की एकवीस पिनांचा, हे समजून घेऊन खरेदी दुसरीकडून करणं तर मला फारच लागतं. सल्ल्याला किंमत असते, ती त्याच्याच वस्तूतून चुकवावी.

खर्च घरी कसा समजावू?

पुण्याला कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय सगळ्यांना दाखवून आणा. तो खेळ बघितल्यावर तुमचे चार डबे किरकोळ वाटतील. याहून जास्त मदत मी करू शकत नाही.

पार्सल आलं. आधी काय बघू?

उघडतानाचा व्हिडिओ घ्या, पट्टी कापण्यापासून. हा अविश्वास नव्हे. कुरिअरकडे भरपाई मागायची झाली तर पुरवठादारालाही तोच उपयोगी पडतो.

इलेक्ट्रिक लोको असेल तर प्रथम पँटोग्राफ, म्हणजे छतावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा. तो फोममध्ये अडकून वाकतो, म्हणून लोको वरून उचलू नका, फोमसकट बाहेर काढा. मग हँडरेल, बफर, कपलरची उंची. चाकं हाताने फिरवून बघा.

नंतर व्हर्नियर काढा. एचओच्या १६.५ मिलिमीटर रुळावर चालणाऱ्या गाडीत एका धुऱ्यावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण १४.४ मिलिमीटर असतं. ते कमी झालं की गाडी सरळ रुळावर छान पळते आणि पॉइंटवर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथे) हमखास उडी मारते, कारण चाकाची कड चेकरेलवर (आतल्या बाजूच्या जोडपट्टीवर) चढते. हा दोष घरच्या घरी जातो: एक चाक घट्ट धरायचं, दुसरं हलकं पिळत बाहेर ओढायचं, परत मोजायचं. अर्ध्या मिलिमीटरचं काम. एवढ्यासाठी पार्सल परत पाठवणं म्हणजे दोन्हीकडचा कुरिअरचा खर्च आणि तिसऱ्यांदा पँटोग्राफ वाकण्याची शक्यता. पण पुरवठादाराला कळवा मात्र, म्हणजे पुढच्या बॅचला तो मोजून पाठवेल.

दोष निघाला तर काय मागणं रास्त?

तुटलेला किंवा राहून गेलेला भाग मागा, तो त्याने स्वखर्चाने पाठवावा. अक्षर चुकलंय, रंग चुकलाय, सांगितलेला डबा सोडून दुसराच आलाय, तर बदलून मागा. दोन्हीकडचा कुरिअरचा खर्च त्याचा. मोटर चालत नसेल तर दुरुस्ती किंवा पैसे परत. कोपऱ्यात भिंगातून दिसणारी रंगाची फुटकुळी असेल तर सोडून द्या, हाताने रंगवलेलं आहे. जे काही कळवायचं ते तीन-चार दिवसांत कळवा. सहा महिने लेआउटवर पळवून मग "आलं तेव्हापासूनच असं होतं" म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवेल?

नवा एलएचबी डबा माझ्या वळणावर घसरतो. बनवणाऱ्याचीच चूक ना?

बहुतेक वेळा वळणाची. एलएचबीची (नव्या, जर्मन डिझाइनच्या डब्याची) मूळ बॉडी सुमारे साडेतेवीस मीटर, म्हणजे १:८७ ला २७ सेंटिमीटर. आयसीएफचा डबा त्याहून आखूड, साडेचोवीस सेंटिमीटरच्या आसपास. स्टार्टर सेटमधली वळणं ३६० ते ४४० मिलिमीटर त्रिज्येची असतात, ती छोट्या डब्यांसाठी. पुऱ्या लांबीच्या डब्यांना ६०० च्या पुढची त्रिज्या द्या, मग बोला. वन बीएचकेमध्ये ती कुठून आणायची हा प्रश्न खरा आहे, पण तो बिल्डरला विचारायचा.

ऑर्डर देतानाच "माझं सर्वांत लहान वळण इतकं आहे" असं सांगा. तसं सांगूनही त्याने "चालेल" म्हटलं आणि चाललं नाही, तर जबाबदारी त्याची.

गाडी ब्रॉडगेजची, रूळ मात्र स्टँडर्ड गेजचे. फसवलं का?

नाही. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर, १:८७ ला तो १९.३ च्या घरात जातो. बाजारात मिळणारे एचओ रूळ १६.५ चे, म्हणजे १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी. १९.३ चे रूळ आणि पॉइंट हाताने घालायची तयारी नसेल तर ही तडजोड सगळेच करतात.

ऑर्डर रद्द करावी लागली तर?

काम सुरू व्हायच्या आधी कळवलंत तर पैसे परत मिळावेत. डबे तुमच्या सांगण्यावरून विशिष्ट नंबरांनी, विशिष्ट शेडच्या नावाने रंगवले असतील तर अ‍ॅडव्हान्स विसरा. ते दुसऱ्याला खपत नाहीत. नाव नोंदवून ऐन वेळी फोन बंद ठेवणारे गिऱ्हाईक या धंद्यात पुष्कळ आहेत. दहा जणांच्या बॅचमधून तिघे गळाले की उरलेल्या सात जणांचा भाव वाढतो नाहीतर बनवणारा बुडतो. नको असेल तर सरळ "दादा, जमत नाहीये" म्हणा. त्याला राग येईल, पण दुसरं गिऱ्हाईक शोधायला वेळ मिळेल.

विकत घेतलेली प्रिंटिंगची फाईल मित्राला दिली तर काय बिघडतं?

ज्याने लोकोची मापं शेडमधल्या फोटोंवरून काढत रात्री जागवल्या, त्याचं बिघडतं. फाईल एकाला विकली आणि वीस जणांनी छापली, तर तो पुढची लोको काढणार नाही. विकत घेतलेल्या डब्यावरून सिलिकॉनचा साचा काढून रेझिनच्या प्रती विकणं ही तर सरळ चोरी आहे, मग ती "फक्त आपल्या ग्रुपपुरती" का असेना. मोडलेल्या खिडकीचा एक तुकडा स्वतःपुरता ओतून घेतला, त्याला मी चोरी म्हणणार नाही.

ग्रुपवर नाव घेऊन तक्रार करू का?

आधी त्याच्याशी बोला, लेखी. उत्तराला वेळ द्या. मगही काही झालं नाही तर इतरांना सावध करणं योग्यच आहे, पण तारखा आणि रक्कम लिहा, विशेषणं नकोत. "अमुक तारखेला इतके दिले, अमुक तारखेपासून उत्तर नाही" पुरेसं असतं. आणि नंतर वस्तू मिळाली तर तेही त्याच ग्रुपवर लिहा. हे दुसरं लिहिणारे मला फार कमी भेटलेत.

खरोखरच फसवलं असेल तर?

धीर धरायचा तो काम करणाऱ्यासाठी, पैसे घेऊन गायब झालेल्यासाठी नाही. संदेश, पावत्या, यूपीआयचे तपशील एकत्र करा. अमुक तारखेच्या आत वस्तू किंवा पैसे द्या अशी लेखी मागणी करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्याने भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं. विकणारा कोलकात्याचा असला तरी तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. ही मुदत भिडेपोटी घालवू नका.

पुरवठादाराने धंदाच बंद केला तर सुट्या भागांचं काय?

असं होतं, मोठ्यांचंही होतं. १९४६ पासूनच्या ब्रिटनमधल्या हॅटन्सने जानेवारी २०२४ मध्ये दुकान गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे तर माणूस बंगळुरूला बदलून गेला की धंदा संपतो. म्हणून लोको घेतानाच चेसिस आणि मोटर कुठल्या कंपनीची, गिअरला किती दात, रंगाचा कोड कुठला, एवढं विचारून डब्याच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवा. कार्बन ब्रश आणि एक जादा पँटोग्राफ त्याच वेळी विकत घ्या. तो बंद करतोय असं कळलं तर फाइली किंवा पत्र्याची आर्टवर्क फुकट मागू नका. दोघा-तिघांनी मिळून रीतसर किंमत विचारा. बरेच जण देतात, कुणी विचारत नाही म्हणून त्या हार्ड डिस्कवर पडून राहतात.